डेनिस डार्ट ओळखावी कशी आणि तिचा इतिहास काढावा कसा

बसचा फोटो हाती आला की आधी दाराकडे बघा. रंग, नाव, बिल्ला हे सगळं नंतर. दार उघडं असेल तर आत पायऱ्या किती दिसतात ते मोजा. ब्रिटिश मिडीबस, म्हणजे मिनीबसहून मोठी आणि मोठ्या बसहून लहान गाडी, बघायची असेल, त्यातही डेनिस डार्ट, तर अर्धी गोष्ट त्या पायऱ्यांतच सापडते.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधल्या, त्यातली शेवटची बारा बेतोड्याच्या एका शेडमध्ये. कंपनीतून नुसती चॅसी यायची. ड्रायव्हरला बसायला ठोकून दिलेली फळी, समोर उघडं इंजिन, मागे दोन लांब लोखंडी दांडे आणि चाकं, एवढंच. त्यावर आम्ही पिलर उभे करायचो, छताच्या कमानी घालायचो, पत्रा रिबिटांनी ठोकायचो, सीट बसवायचो. माझी मुलगी लग्नानंतर इंग्लंडातल्या स्विंडनला गेली. जावयाकडे पोर्तुगीज पासपोर्ट. त्या गावात आपले गोंयकार इतके की बाजारात कोकणी कानावर पडते. २००८ साली मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. जेवण झालं की बस स्टॉपवर जाऊन उभा राहायचो, कारण हाताला काम नव्हतं आणि डोळ्यांना बसची सवय होती. डार्ट मी तिथे पाहिली. आता तिथल्या मंडळींकडून फोटो येतात, मुलं विचारतात, "काका, ही कुठली बस?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

फोटो वाचण्याआधी ही गाडी का निघाली, तेवढं माहीत हवं. इंग्लंडात २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी ठिकाणी बसचे मार्ग खुले झाले. नोंदणी करायची आणि गाडी पळवायची. कंपन्यांनी खर्च वाचवायला व्हॅनच्या सांगाड्यावरच्या मिनीबस काढल्या, फोर्ड ट्रान्झिटसारख्या. आपल्याकडे म्हापसा-पणजी लाईनवर लहान गाड्या धावत आल्या, तसंच काहीसं. पण व्हॅन ती व्हॅन. सकाळपासून रात्रीपर्यंत थांबा-सुटा, थांबा-सुटा करताना ती लवकर थकते, आणि गर्दी झाली की माणसं मावत नाहीत. मोठी बस घेणं परवडत नाही, लहान पुरत नाही. या मधल्या जागेत गिल्डफर्डच्या डेनिस कंपनीने १९८८ साली डार्ट आणली. १९८९ पासून ती रस्त्यावर धावू लागली. डेनिस हे १८९५ पासूनचं घराणं, आगीचे बंब आणि बस दोन्ही बनवणारं.

डार्ट म्हणजे मुळात चॅसी. बॉडी वेगळ्या कारखान्यात बसते. हे एक वाक्य डोक्यात ठेवलंत तर पुढचे घोटाळे टळतील. डार्ट म्हणून दोन फोटो समोर आले आणि दोन्ही गाड्यांची तोंडं अजिबात जुळली नाहीत, तरी दोन्ही डार्ट असू शकतात.

आता पायऱ्यांकडे येऊ.

दारात आत चढायला पायऱ्या असतील, जमीन सगळीकडे उंच असेल, तर ती पहिल्या पिढीची डार्ट. रुंदी सुमारे २.३ मीटर. लांबी सुरुवातीला ८.५ मीटर, पुढे ९ आणि ९.८ मीटरच्याही निघाल्या. खाली पोलादी पाटे. दारात पाय ठेवला की रस्त्यापासून एकच पायरी आणि तिथून मागच्या चाकापर्यंत सपाट जमीन, मागे मात्र चढ, असं दिसलं तर ती डार्ट एसएलएफ. त्या तीन अक्षरांचा अर्थ सुपर लो फ्लोअर. ती १९९५ साली दाखवली आणि १९९६ पासून प्रवासी तिच्यात बसू लागले. रुंदी वाढून २.४ मीटर झाली, पाट्यांच्या जागी हवेचे फुगे आले. पुष्कळ गाड्यांत ड्रायव्हर बटण दाबून त्या फुग्यांतली हवा सोडतो आणि गाडी फुटपाथच्या बाजूला वाकते. वासराने पुढचे पाय टेकावेत, तशी.

स्विंडनच्या स्टॉपवर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या घशाशी आलं. आईला घेऊन मी फोंड्याहून म्हार्दोळला म्हाळशेच्या देवळात जायचो. तिचे गुडघे गेलेले. बसच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायला ती आधी हाताने पाय उचलायची, मी मागून आधार द्यायचो, आणि क्लीनर "चलया, चलया" करत पत्रा वाजवायचा. ती पायरी रस्त्यापासून सतरा इंच होती. मला आकडा पाठ आहे, कारण अशा पायऱ्या मीच बसवत होतो. एका मालकाला मी म्हटलंही होतं, पायरी खाली घेऊ या. पण बॉडीवाल्याच्या हातात फार नसतं. चॅसीचे दांडे ज्या उंचीवर, त्यावरच जमीन येते. इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स, मग प्रॉपेलर शाफ्ट मागच्या चाकापर्यंत, हे सगळं जमिनीखालून जातं. पायरी खाली आणली तर आत आणखी एक पायरी वाढते. चढ काही जात नाही.

डार्टचं इंजिन पहिल्या दिवसापासून मागे होतं. म्हणून पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत खालून शाफ्ट जात नाही. एसएलएफ करताना डेनिसने तो मोकळा भाग खाली उतरवला. म्हणजे पायरी घालवायची जागा मूळ आराखड्यातच होती. ती वापरायला सात-आठ वर्षं लागली, एवढंच.

फोटो मागून काढलेला असेल तर इंजिनाचं झाकण बघा. आत बहुतेक गाड्यांत कमिन्सचं बी सिरीजचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर इंजिन. आपल्याकडे जमशेदपूरला टाटा कमिन्सच्या कारखान्यात याच घराण्याची इंजिनं बनली आणि टाटाच्या मोठ्या गाड्यांत बसली. म्हणून स्विंडनला डोळे मिटून उभा असतानाही तो आवाज मला ओळखीचा वाटला. जुन्या डार्टमध्ये इंजिनाला जोडलेला ॲलिसनचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एटी५४५. जुन्या डार्टचा व्हिडिओ मिळाला तर आवाज जरूर ऐका. सुटताना इंजिन आधी चढतं आणि गाडी जरा मागाहून ओढली जाते. क्लच दाबून गिअर टाकणाऱ्या आपल्या ड्रायव्हरच्या कानाला ते वेगळं लागतं.

पण ही खरंच डार्ट का, दुसरी मिडीबस नाही, हे कसं ठरवायचं? चाक आणि दार यांची जागा बघा. डार्टमध्ये दार पुढच्या चाकाच्या पुढे. पुढची चाकं अगदी कोपऱ्यात आणि दार त्यांच्या मागे असेल, तर ती बहुधा ऑप्टेअर सोलो, १९९७ साली आलेली. सोलोचं नाव इंग्रजीत म्हणून बघा, त्यात 'इतकी खाली' असं ऐकू येईल. (त्या ऑप्टेअर कंपनीत पुढे आपल्या अशोक लेलँडने पैसा घातला आणि २०१२ पासून तिचा मोठा वाटा लेलँडकडे आला.) व्होल्वो बी६ मात्र फसवते. ती डार्टचीच बाजारातली स्पर्धक आणि अलेक्झांडर या बॉडीवाल्या कंपनीची डॅश ही एकच बॉडी दोन्ही चॅस्यांवर चढत होती. तिथे तोंड बघून निकाल देऊ नका, नंबर प्लेटकडे जा.

ब्रिटनची नंबर प्लेट म्हणजे जन्मपत्रिका. ऑगस्ट १९८३ पासून २००१ पर्यंतच्या प्लेटवर पहिलं अक्षर वर्ष सांगतं. जी म्हणजे ऑगस्ट १९८९ पासूनचं वर्ष, एच १९९०, जे १९९१, के १९९२, एल १९९३, एम १९९४, एन १९९५, पी १९९६, आर १९९७, एस १९९८. आय, ओ, क्यू आणि यू वगळले आहेत. १९९९ पासून वर्षातून दोनदा अक्षर बदलू लागलं: मार्चमध्ये टी, सप्टेंबरमध्ये व्ही, मग २००० मार्चला डब्ल्यू, सप्टेंबरला एक्स, २००१ मार्चला वाय. सप्टेंबर २००१ पासून पद्धतच पालटली. दोन अक्षरं, मग दोन आकडे: ५१ म्हणजे सप्टेंबर २००१, ०२ म्हणजे मार्च २००२, ५२ म्हणजे सप्टेंबर २००२.

म्हणजे जी किंवा एच अक्षराची डार्ट दिसली तर ती नक्की पायऱ्यांची. व्ही किंवा डब्ल्यू दिसली तर जवळपास नक्की एसएलएफ. मधल्या पी अक्षराला मात्र सांभाळा, कारण त्या काळात दोन्ही प्रकार एकाच वेळी बनत होते. तिथे पुन्हा पायरीच बघावी लागते.

प्लेटवरही डोळे मिटून विश्वास नको. गाडीला तिच्या खऱ्या वयापेक्षा नवी दाखवणारी प्लेट लावता येत नाही, पण जुनी लावता येते. उत्तर आयर्लंडच्या प्लेटवर तर वर्षच नसतं, तिच्यात आय किंवा झेड अक्षर असतं. त्या प्लेटवर कंपन्या मुद्दाम गाडीचं वय झाकतात. यावर उपाय सोपा आणि फुकट आहे. ब्रिटिश सरकारच्या वाहन नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाका. पहिल्या नोंदणीचा महिना, बनावटीचं वर्ष, इंधन, रंग आणि इंजिनाचा आकार समोर येतो. आकार ५८८३ सीसी आला तर कमिन्सचं ५.९ लिटर. व्होल्वो बी६ चं साधारण साडेपाच लिटरचं. वर सांगितलेली डॅशची अडचण इथे सुटते. शंभर वेळा तोंड न्याहाळण्यापेक्षा हा एक आकडा बरा.

आता माझ्या आवडीचा भाग, बॉडी.

पहिली बॉडी डुपलची, नाव डार्टलाईन. तेव्हा डुपल आणि डेनिस एकाच हेस्टेअर समूहाच्या. १९८९ साली डुपल बंद झाली आणि तो आराखडा बर्मिंगहॅमच्या कार्लाईलने घेतला. कार्लाईलही टिकली नाही, आराखडा केंब्रिजच्या मार्शलकडे गेला. एकाच बॉडीला तीन घरं. म्हणून डार्टलाईनच्या वळणाची बॉडी दिसली तर बिल्ल्यावर कुणाचं नाव आहे त्यावरून साल जवळ आणता येतं. पुढे समोरची काच दोन सपाट तुकड्यांची आणि सगळी गाडी चौकोनी डब्यासारखी असेल, तर ती उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमेनाच्या राईटची हँडीबस. दिसायला ती साधी, पण मला ती फार आवडते. सपाट काच फुटली तर कुठलाही काचवाला कापून देतो. वळणदार काच फुटली की गाडी काचेची वाट बघत शेडमध्ये उभी राहते, आणि उभी बस मालकाला खाते. हे मी फोंड्यात पुष्कळदा पाहिलं आहे.

सर्वांत जास्त भेटेल ती पॉईंटर. ही आधी रीव्ह बर्जेसची, मग १९९१ साली तिचं काम प्लॅक्स्टनच्या स्कारबरो येथील कारखान्यात गेलं. एसएलएफ आल्यावर पॉईंटर २ आली, तिचं तोंड जास्त गोलसर. तिच्यातली सर्वांत आखूड ८.८ मीटरची मिनी पॉईंटर डार्ट आणि सर्वांत लांब ११.३ मीटरची सुपर पॉईंटर डार्ट. साडेआठ मीटरपासून सुरू झालेली गाडी सव्वाअकरा मीटरपर्यंत गेली. मिडीबस नावाला उरली, काम मोठ्या बसचं करू लागली.

एका बॉडीजवळ मी बराच वेळ थांबलो. तिचं नाव निंबस, बिल्ला काएतानो. काएतानो ही पोर्तुगालची, पोर्तो शहरासमोरच्या व्हिला नोव्हा द गायाची कंपनी, आणि १९९८ पासून इंग्लंडात वॉटरलूव्हिलला तिचा कारखाना होता. माझा जन्म झाला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं. घरात जुन्या कागदांवर त्यांचे शिक्के आहेत. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या जावयाच्या गावी, इंग्रजी चॅसीवर पोर्तुगीज बॉडी, आणि तिच्या रिबिटा मोजत उभा फोंड्याचा कारागीर. मुलगी म्हणाली, "बाबा, बस गेली, आपण चढायचं होतं." पुढची यायला वीस मिनिटं होती. मी खूश होतो.

मुलींनो, मुलांनो, आता खऱ्या शोधाकडे या. गाडी आधी कुठे धावत होती हे कसं ओळखायचं?

लंडनची व्यवस्था वेगळी. तिथे पुष्कळ गाड्यांना दोन दारं असतात, पुढून चढायचं, मधून उतरायचं. लंडनमध्ये काही वर्षं काढून गाडी दुसऱ्या गावी विकली जाते आणि नवा मालक बहुतेक वेळा मधलं दार बंद करतो. दार गेलं की तिथे जास्तीच्या सीट बसतात. पण बंद केलेलं दार लपत नाही. डाव्या बाजूचा फोटो घ्या (इंग्लंडातही वाहनं आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून दार डावीकडे). खिडक्यांची रांग बघत जा. मध्येच एक खिडकी बाकीच्यांपेक्षा अरुंद किंवा तिच्या काचेची कड वेगळी दिसली, खाली पत्र्याचा तुकडा शेजारच्या पत्र्याशी नीट जुळला नाही, खालची पट्टी तिथेच तुटली, तर तिथे दार होतं. आत असाल तर जमीन बघा. दाराजवळचं रबर वेगळं असतं, आणि छताला धरायचा उभा दांडा सीटमध्ये विनाकारण उभा असतो. तो काढायला कुणी विसरतं, किंवा छताच्या कमानीला बसवला असल्यामुळे काढत नाहीत. मी स्वतः फोंड्यात दोन गाड्यांची मागची दारं बंद केली आहेत, तेव्हा हे खोटं सांगत नाही.

याची नोंद बसचा छंद असलेली मंडळी छोट्या खुणेत करतात. बी२८एफ म्हणजे एक मजली बस, २८ सीट, एकच दार पुढे. शेवटी डी असेल तर दोन दारं. एका गाडीची जुनी नोंद डी ने संपते आणि नवी एफ ने, सीट वाढलेल्या, तर दार बुजवल्याचा पुरावा कागदावर मिळाला. जुन्या डार्टची चॅसीची खूणही बोलकी आहे: ८.५एसडीएल, ९एसडीएल, ९.८एसडीएल. पहिला आकडा म्हणजे लांबी, मीटरमध्ये.

मालक ओळखताना मोठ्या अक्षरांतलं रंगीत नाव वाचून थांबू नका. डाव्या बाजूला खाली बारीक अक्षरांत परवानाधारकाचं कायदेशीर नाव आणि पत्ता लिहिलेला असतो. एकाच समूहाच्या दहा कंपन्या एकाच रंगात धावतात, पण ती बारीक ओळ खरी सांगते. फोटो काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, तेवढा कोपरा जवळून काढ म्हणून.

बनवणाऱ्याच्या बिल्ल्यावरूनही वर्ष लावता येतं. १९८९ साली हेस्टेअरकडून डेनिस ट्रिनिटी होल्डिंग्जकडे गेली, १९९८ साली मेफ्लॉवरने घेतली, २००१ पासून ट्रान्सबस इंटरनॅशनल, ती २००४ साली बुडाली आणि त्याच वर्षी अलेक्झांडर डेनिस उभी राहिली. एसएलएफवर ट्रान्सबसचा बिल्ला दिसला तर गाडी २००१ ते २००४ मधली. पुढे एन्व्हायरो२०० या नव्या बसने हळूहळू डार्टची जागा घेतली.

पायऱ्यांच्या डार्टचा शेवट मात्र कायद्याने ठरवला. २००० साली ब्रिटनने बससाठी सुगम्यतेचे नियम केले. २२ पेक्षा जास्त प्रवासी घेणाऱ्या नव्या बसला ३१ डिसेंबर २००० पासून ते लागू झाले. आणि १ जानेवारी २०१६ पासून ठरलेल्या मार्गावरच्या जवळपास सगळ्याच एक मजली बसला, मग ती कितीही जुनी असो. त्यामुळे त्या तारखेनंतरच्या फोटोत पायऱ्यांची डार्ट रोजच्या मार्गावर दिसत असेल तर फोटोची तारीख पुन्हा तपासा. ती गाडी बहुधा कुणी जपून ठेवलेली असते, किंवा शाळेच्या, खाजगी कामाच्या फेरीवर असते.

वही करा. शाळेची रेघांची चालेल. प्रत्येक गाडीला एक पान. नंबर, पहिल्या नोंदणीची तारीख, सीसी, लांबी, बॉडी, सीटची खूण, आधीचा मालक, आताचा मालक, बंद केलेली दारं. ज्यावर खात्री नाही ते पेन्सिलने, खात्री झाली की पेनने. मी पहिल्या वर्षी सगळं पेनने लिहिलं आणि एका मार्शलला पॉईंटर ठरवून बसलो. ते पान अजून खोडलेलं आहे.

आणि माझ्या वहीत एक रकाना जास्तीचा आहे, तुम्हीही ठेवा: पहिल्या पायरीची उंची. तिथल्या माणसाला सांगा, बस थांबली की रस्त्यापासून पायरीपर्यंत मोजून कळव. मोजपट्टी नसेल तर वितीने मोज आणि तुझी वीत किती इंचांची तेही लिही. गाडी वाकवलेली होती की सरळ, हे विचारायला विसरू नका. मग फोंड्याच्या तिस्कावर जा, जी पहिली बस थांबेल तिची पायरी तशीच मोजा आणि त्याच पानावर शेजारी लिहा.